चहाच्या आधी

सोनाबाई दर रविवारी चर्चमधून निघाली की सुकापूरला थोरल्या जावेकडे, भामाकडे जायची. नऊ वर्षं झाली. भामाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "येशूचं नाव काढलंस तर चहा नाय." मग सोनाबाई गप्प बसायची. फक्त चहाआधी डोळे मिटून भामाच्या पोरांसाठी प्रार्थना पुटपुटायची.

"झोपली बाय माजी," भामा टोमणा मारायची.

आज गुडघे फार ठणकत होते. नऊ वर्षांत चहाच तेवढा पोटात गेला, भामा काही येशूकडे वळली नाही, आता येणं बंद, असं ठरवूनच ती आली होती. थकून तिने कप तसाच तोंडाला लावला.

भामाने तिचा हात धरला. "आज डोले नाय मिटलंस? पोरांसाठी मागायचं ऱ्हायलं ना."

सोनाबाईने कप खाली ठेवला. म्हणजे पुढच्या रविवारीही गुडघे ओढत यायचंच होतं.