कपाट आठाला उठला होता

लाँड्रीत त्याला सगळे कपाट म्हणतात. पगारपत्रकावर त्याचं दुसरं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर तो स्वतःही वळून बघत नाही. हॉटेलांच्या चादरी धुणारी ही लाँड्री. ओली चादर मोठ्या तापल्या रुळांमधून सरकत पलीकडे कोरडी, कडक होऊन निघते. तिची दोन टोकं तो धरतो आणि दोन त्याची बायको. दोन पावलं पुढे, टोकाला टोक, दोन पावलं मागे. दिवसाला सहाशे चादरी. याच चालीत दोघांची ओळख झाली आणि याच चालीत लग्नही जमलं.

कपाट हे नाव त्याला एका वार्ताहरानं दिलं. बावीस वर्षांपूर्वी तो बॉक्सिंग खेळायचा. फार मोठा नव्हे, गावातल्या हॉलमध्ये तीनशे माणसं जमतील एवढाच. एका लढतीत शेवटच्या फेरीला त्याच्या हनुवटीवर ठोसा बसला आणि तो पडला. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, ‘जुनं कपाट कोसळावं तसा तो कोसळला. पंचांनी दहापर्यंत मोजलं. कपाट काही उठलं नाही.’ लोकांना वाक्य फार आवडलं. पडलेल्या माणसापेक्षा त्याच्यावरचं वाक्य लोकांना नेहमीच जास्त आवडतं.

त्याचं म्हणणं एवढंच, की तो उठला होता. पंचांनी आठ म्हटलं तेव्हा तो दोन पायांवर उभा होता. पुढचं दीड मिनिट त्यानं नुसता मार खाल्ला, पण घंटा वाजली तेव्हाही उभाच होता. हरला तो गुणांवर. हे सांगायला तो पेपरच्या कचेरीत गेला, तिथून त्याला संघटनेच्या चिटणीसाकडे पाठवलं. चिटणीसानं विचारलं, हरलास ना? मग झोपून हरलास काय आणि उभ्यानं हरलास काय. संघटनेच्या वहीत फक्त जिंकणाऱ्याचं नाव लिहिलेलं होतं. साक्षीला त्याचा वस्ताद होता, तो दोन वर्षांत वारला. हॉलमधल्या तीनशे माणसांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पेपर वाचल्यावर त्यांनाही पेपरातलंच आठवायला लागलं.

राहता राहिली बायको. ती तेव्हा हॉलमध्ये नव्हती, तिनं नुसतं त्याच्याकडून ऐकलं. तिची जीभ तिखट. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला सकाळी उठवायची रीत काढली. उशाशी उभी राहून ती पंचासारखी आकडे मोजायची. तो सहापर्यंत डोळे मिटून पडून राही आणि बरोबर आठाला फरशीवर उभा राही. आणि ती आठाला थांबे. लग्नाच्या वीस वर्षांत नऊ हा आकडा त्या खोलीत उच्चारला गेला नाही. तिनं विश्वास ठेवलाय असं तोंडानं कधी म्हटलं नव्हतं, पण त्याला तेवढं पुरत होतं. सगळ्या जगात मोजणी आठाला थांबते अशी ती एकच जागा होती.

मग त्या वार्ताहराच्या बॉक्सिंगवरच्या लेखांचं पुस्तक निघालं. लाँड्रीचा मुकादम वाचनालयाचा सभासद होता, त्यानं आल्या आल्या बातमी दिली, “कपाट, तू पुस्तकात आलास.” वाचनालयात त्या पुस्तकाबरोबर वाचकांच्या अभिप्रायांची वही ठेवली होती. त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात, म्हणून वाचायला बायको बरोबर गेली. तिनं टेबलाशी उभ्यानंच वाचून दाखवलं.

एका निवृत्त शिक्षिकेनं लिहिलं होतं, ‘मला मारामारीचा तिटकारा आहे. तरीही कपाटाचं प्रकरण वाचून हसता हसता पुरेवाट झाली. नातवंडांना रोज वाचून दाखवते.’ दाताच्या डॉक्टरांचा अभिप्राय होता, ‘भाषा ओघवती. छपाईच्या चुका दोन. कपाट हे पात्र अविस्मरणीय.’ आणखी कोणी लिहिलं होतं, ‘इतका मठ्ठ माणूस खरा असणं शक्य नाही, लेखकाच्या कल्पनाशक्तीला दाद द्यावी लागेल.’ त्याखाली, ‘पान चाळीसवर चहाचा डाग आहे. आधीच्या वाचकानं काळजी घ्यावी. कपाट उत्तम.’ अकरा अभिप्राय होते आणि त्यांतल्या नऊ जणांना कपाटच आवडला होता.

त्याला वहीत एक ओळ लिहायची होती. ग्रंथपालबाईंनी वही मिटली. ज्यांनी पुस्तक पूर्ण वाचलंय अशा सभासदांनीच लिहायचं, असा नियम होता. मात्र येत्या रविवारी वाचकांची सभा आहे, लेखक स्वतः येणार आहेत, तिथे कोणीही बोलू शकतं, असं त्यांनी सांगितलं. बायको म्हणाली, कशाला उगीच. तो म्हणाला, त्या माणसाला सगळं माहीत आहे, एकदा चारचौघांत त्यानं सांगितलं की झालं. आठवडाभर तो चादरी धरता धरता ते एक वाक्य पुटपुटत होता. तिनं त्याचा शर्ट रुळावरून दोनदा काढला.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयात चाळीसेक खुर्च्या भरल्या. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला की कपाट तो मीच. सभेला आनंदाचं भरतं आलं. शिक्षिकाबाई म्हणाल्या, अय्या, म्हणजे तुम्ही खरे आहात? टाळ्या पडल्या. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, नेमके कसे पडलात ते एकदा पडून दाखवाल का? खुर्च्या मागे सरकवून जागासुद्धा केली गेली. तो पडला नाही. ठोशांनी जड झालेल्या जिभेनं, एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, “मी आठाला उठलो होतो. एवढंच लेखकांनी सांगावं.”

लेखक आता म्हातारे, गोड चेहऱ्याचे. ते हळुवारपणे म्हणाले, “डोक्याला मार बसलेल्या माणसाला जे हवं असतं तेच आठवतं. मी त्यांना मुळीच दोष देत नाही.” लेखकांच्या मनाचा मोठेपणा पाहून सभा विरघळली. बायकोनं मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

सभा संपल्यावर हात धुवायच्या बेसिनजवळ त्यानं लेखकांना गाठलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

“तू उठला होतास,” लेखक नळ सोडत म्हणाले. “पण छपाईची वेळ टळत होती. तू पडलास तसा मी हॉलच्या फोनवर मजकूर सांगायला धावलो. सांगून परत आलो तर तू उभा.”

“मग बाहेर येऊन सांगा.”

“वही वाचलीस ना? अकरांतल्या नऊ जणांना तेच आवडलंय. तू उठलास तर त्या लेखात राहतं काय?” त्यांनी रुमालाला हात पुसले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते चहाला गेले.

परतीच्या वाटेवर त्यानं हे बायकोला जसंच्या तसं सांगितलं. त्याचा आनंद लपत नव्हता, वेडा. अखेर त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. घराचं कुलूप काढताना ती म्हणाली, “चारचौघांत नाही म्हणतो आणि बेसिनपाशी हो म्हणतो. आणि ऐकायला तुम्ही एकटेच.”

“खरंच म्हणाला तो.”

“झाकली मूठ होती,” ती म्हणाली. “कशाला उघडायला गेलात?”

सकाळी ती नेहमीसारखी उशाशी येऊन उभी राहिली. केस बांधलेले, लाँड्रीचा एप्रन चढवलेला. एक, दोन, तीन. तो डोळे मिटून पडून राहिला. सहाला त्यानं कोपर टेकलं, सातला पाय खाली सोडले, आणि आठाला तो फरशीवर ताठ उभा होता, तिच्यापासून हातभर अंतरावर, तिच्याकडे बघत.

“नऊ,” ती म्हणाली.

तो तसाच उभा राहिला.

“दहा,” ती म्हणाली, आणि त्याच्या अंथरुणातली चादर ओढून एकटीच घडी घालू लागली.