नाव कुठे घेतलंय?

बडोद्याच्या कौटुंबिक न्यायालयात मी वकिली करते. ती मला ज्यांनी शिकवली त्यांना मी आजही सरच म्हणते, कारण दुसरं काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. नवीन असताना मी त्यांच्या ऑफिसात बरीच वर्षं काढली. फाइल कशी लावायची, उलटतपासणीत गप्प कधी बसायचं, आणि अशील निघून गेल्यावर त्याच्याबद्दल चेष्टेनेही बोलायचं नाही, हे सगळं मी त्यांच्याकडून घेतलं. एकदा जिन्यात मी मैत्रिणीला एका अशिलाची गंमत सांगत होते, ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी मला आत बोलावून असं झापलं की पुढे कित्येक दिवस त्या जिन्यात मी तोंड उघडलं नाही.

गुरुपौर्णिमेला आम्ही त्यांचे जुने-नवे ज्युनियर त्यांच्या गोत्री भागातल्या घरी जमतो. शेव-उसळ होते, आणि सर प्रत्येकाला विचारतात, काय अडलंय? तिथे चारचौघांत कोणी काही सांगत नाही. नंतर एकट्याने जाऊन विचारायचं, असा आमच्यातला रिवाज आहे. सरांना सांगितलं म्हणजे ते चार भिंतींत राहिलं, हे आम्ही कधी एकमेकांना बोलूनही दाखवलं नव्हतं.

ऑनलाइन व्यावसायिक नेटवर्कवरही मला त्यांनीच आणलं. "अगं, आता लोक पाटी बघून जिना चढत नाहीत, फोन बघून चढतात," असं म्हणाले. वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून मी बिचकत होते. त्यावर ते म्हणाले, कायदा समजावून सांगणं ही जाहिरात नव्हे. ते खरंच होतं. मी लिहायला लागले. पोटगीच्या अर्जासोबत कोणते कागद आणावेत, मध्यस्थीच्या खोलीत नेमकं काय होतं, एखादा जाहीर निकाल सोप्या भाषेत, असं. खाली कोणी आपली कर्मकहाणी लिहायला लागलं तर मी त्याला तिथेच थांबवायची, कागद घेऊन जवळच्या वकिलाकडे जा म्हणायची. "माझ्याकडे या" हे एकदाही लिहिलं नाही. त्यातून फार कामं आली असं नाही, पण दुसऱ्या शहरातल्या एका वकीलबाईंनी ते वाचून त्यांचं इथलं काम माझ्याकडे पाठवलं, आणि येणारी माणसं रिकाम्या हाताने न येता कागद घेऊन येऊ लागली. मला तेवढं पुष्कळ होतं.

सरांना मात्र कायदा लिहिण्यात गोडी नव्हती. त्यांना गोष्टी सांगायची हौस. "माझ्या ऑफिसात एकदा एक आई आली" असं सुरू व्हायचं आणि शेवटी आपण सगळ्यांनी काय शिकायचं ते यायचं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागायची. मीही हात जोडलेत, खोटं कशाला सांगू.

आता तिचं सांगते. ती जुन्या शहरातल्या वाडी भागात माहेरी राहायची, लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग चालवायची. नवरा एका कारखान्यात मोठ्या पगारावर. घटस्फोटाचा अर्ज त्याने केला होता आणि दुसरीत शिकणारी मुलगीही त्याला हवी होती. पहिल्या दोन-तीन भेटींत ती सगळं सांगायची, फक्त मधली काही महिन्यांची गोष्ट गाळायची. मग एके दिवशी भावाला खाली थांबवून एकटी वर आली.

"ताई, एक वात सांगायची राहिली," ती म्हणाली. बडोदं सोडून जगात कुठे न गेलेल्यांचं मराठी असंच असतं, गोष्टीला वात आणि 'ना'ला 'ने' म्हणणारं. "बाळंतपणानंतर मी दवाखान्यात होते. मनाच्या. गोळ्या अजून चालू आहेत. त्याला एवढंच माहीत आहे की मी आईकडे गेले होते."

तिला कोर्टाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मुलीला हे कधीतरी आपण सांगायचं, आपल्या तोंडून, तिला कळेल अशा वेळी, हे तिने मनाशी धरलं होतं. "दुसऱ्या कोणी सांगितलं ने, तर ती मला घाबरेल," ती म्हणाली.

आपणच आधी डॉक्टरांच्या दाखल्यासह कोर्टाला सांगावं की विरुद्ध बाजू विचारेपर्यंत थांबावं, हे मला ठरवता येईना. मी तिला म्हटलं, सरांना एकदा विचारते. ती घाबरली. मी म्हटलं, "अगं, सर म्हणजे माझंच माणूस. मला सांगितलंस तसंच समज." मग तिने होकारार्थी मान हलवली.

सरांनी दीड तास दिला. सल्ला लाखमोलाचा होता, तो आजही नाकारणार नाही. आपण आधी सांगायचं, लपवलं नाही हेच तिचं बळ, गोळ्या नेमाने घेणारी आई ही जबाबदार आई, असं प्रतिज्ञापत्र लिही म्हणाले. मी निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बिचारी. पोरीला जप." मला भरून आलं होतं.

प्रतिज्ञापत्र लिहून झालं होतं, डॉक्टरांचा दाखला यायचा होता, तेवढ्यात कोर्टाच्या कँटीनमध्ये एका गुजराती वकीलमित्राने मला हटकलं. "बेन, सरनी पोस्ट वांची? ए तो तमारी पेली वाडीवाळी ज ने?" सरांची पोस्ट वाचली का, ती तुमची वाडीवालीच ना, असं विचारत त्याने फोन पुढे केला. मी उभ्या उभ्या वाचलं.

सरांनी आपल्या परीने काळजी घेतली होती. चित्रकलेच्या वर्गाचा त्यांनी रांगोळीचा वर्ग केला होता. मुलीचा मुलगा केला होता. बाकी सगळं होतं तसं होतं. शहराच्या जुन्या भागातली मराठी आई, कारखान्यातला नवरा, दवाखाना, गोळ्या, आणि "जे पतीलाही ठाऊक नाही" हेसुद्धा. शेवटी, मनाचा आजार म्हणजे नालायकी नव्हे, असा उपदेश. उपदेश बरोबर होता म्हणून तर जास्त संताप आला. बडोद्याच्या मराठी माणसांत आडनाव सांगितलं की तुमची मावशी कुठे दिली ते सांगतात. इथे रांगोळीच्या आड कोण लपणार होतं? सरांचा स्वतःचा जन्म इथलाच, त्यांना हे कळत नव्हतं असं मी कसं मानू?

मी तशीच गोत्रीला गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. मी म्हटलं, सर, ती पोस्ट काढा.

"का? नाव कुठे घेतलंय?"

"नावाची गरजच नाही. सगळ्यांनी ओळखलंय."

"अगं, तिच्या बाजूनेच लिहिलंय मी. खालचं वाच. बायका रडल्यात."

"मी जिन्यात बोलले म्हणून तुम्ही मला झापलं होतंत."

ते हसले. "तो जिना होता. हे समाजासाठी आहे." मग माझा चेहरा बघून त्यांनी पोस्ट काढली, पण अशी, की जणू माझा हट्ट पुरवतायत. चहा विचारला. मी नको म्हटलं. इतक्या वर्षांत त्या घरी मी चहाला पहिल्यांदा नाही म्हटलं आणि तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. मला रडू आलं नाही, राग आला, आणि रागाखाली कसली तरी लाज वाटत होती, जी खरं तर त्यांना वाटायला हवी होती.

पोस्ट काढून काय होणार होतं. पुढच्या तारखेला विरुद्ध बाजूने अर्ज दिला की आईची मानसिक तपासणी करावी आणि तोवर मुलगी वडिलांकडे द्यावी. आमचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी दाखल झालं, पण आता ते पकडल्यावर दिलेल्या कबुलीसारखं दिसत होतं. न्यायाधीशांनी तपासणीला हो म्हटलं, मुलगी मात्र तूर्त आईकडेच ठेवली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, ही चांगली गोष्ट झाली. ती म्हणाली, "ताई, शाळेत तिला एकीने विचारलं, तुझी मम्मी गांडी आहे?" गुजरातीत गांडी म्हणजे वेडी. "तिने घरी येऊन मला विचारलं. मी भाजी चिरत होते. काय सांगणार?"

त्यानंतर ती फोन उचलेनाशी झाली. भाऊ उचलायचा आणि ती वर्गात आहे म्हणायचा.

काही दिवसांनी दोघं ऑफिसात आली. वकील बदलायचा तर आधीच्या वकिलाची ना-हरकत लागते, आणि भावाने नवं वकीलपत्र टेबलावर ठेवलं. सही करायला पेन उघडलं तेव्हा मी नव्या वकिलाचं नाव वाचलं. सरांचंच होतं.

मला वाटलं, हिला माहीतच नसेल. मी म्हटलं, "अगं, ते ज्यांनी लिहिलं ना..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "भावाने वाचून दाखवलं."

"त्यांना एवढे लोक मानतात," भाऊ म्हणाला. "आणि आपल्या बाजूने लिहिलंय ने."

सरांनी तिला बोलावलं नव्हतं, तेवढं मी खात्रीने सांगू शकते. जाहिरातबंदीचा नियम त्यांनी कुठेच मोडला नव्हता.

मी तिच्याकडे बघून विचारलं, "ज्याने तुझं सगळं बाहेर मांडलं त्याच्याकडे जातेस?"

"लिहिलं त्यांनी. पण ते तुमचंच माणूस, असं तुम्ही म्हणाला होतात." आवाजात राग नव्हता, फक्त ती फार थकलेली होती. "आणि ताई, आता कोणाकडे तरी जायचंच आहे. त्यांना सगळं माहीत आहे. निदान परत पहिल्यापासून सांगावं तरी लागणार नाही."

मी सही केली.