बावीस नॉट

परवा लेकीनं विचारलं, "बाबा, एक नॉट म्हणजे किती?" "ताशी एक पूर्णांक पंच्याऐंशी किलोमीटर," मी चटकन म्हणालो आणि अहमदपूरच्या दवाखान्यातली ती स्पिरिटच्या वासाची दुपार आठवली.

आमच्या वडिलांचं, अप्पांचं, काही खरं नव्हतं. धाकटा भाऊ पर्यटकांच्या जहाजावर स्वयंपाकी. फोनवर रडत होता, "दादा, जहाज बावीस नॉटनं चाललंय, बंदर तीन दिवसांवर हाय."

"म्हणजे ताशी चाळीस," मी मोठ्यानं हिशोब केला.

"एवढंच? एसटी बरी की," अप्पा म्हणाले. "डायवरला म्हनावं, मदीच उतरव."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुठवर आला?"

"लातूर सोडलं, अप्पा."

"मग दीड तास," म्हणत ते दाराकडं बघत राहिले.

तेव्हा वाटलं, धीर दिला. आता वाटतं, त्यांचा शेवटचा दीड तास मी त्यांना दाराकडं बघत घालवायला लावला.