तात्पुरता आधार, नग दोन

आमचे हे वेल्डिंगचे जोड तपासतात. जास्त दाबाने गॅस नेणाऱ्या पोलादी पाइपांचे. तीस वर्षं दुसरं काही केलं नाही, आणि घरी आल्यावरही तेच. खुर्ची दुरुस्त करून आणली की तिच्यावर खडूने तारीख घालतात आणि दोन दिवस कुणाला टेकू देत नाहीत. माझं आणि माझ्या बहिणीचं भांडण मिटलं, तर म्हणाले, "अठ्ठेचाळीस तास जाऊ दे, मग मिटलं म्हण." सत्तेचाळिसाव्या तासाला तिचा फोन आला आणि आमचं पुन्हा वाजलं. तेव्हापासून यांना शिंगंच फुटली.

कारण आहे म्हणे. हे पोलाद जेवढं ताकदवान तेवढंच नखरेल. जोड गार झाला की दिसतो छान, पण आत हायड्रोजन अडकून राहतो आणि सावकाश, एक-दोन दिवसांनी तडा पाडतो. म्हणून अठ्ठेचाळीस तासांच्या आत तपासणी नाही, सही नाही. मला हे पाठ आहे. आमच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा दोन्हीकडचे सगळे हो म्हणाले, आणि नवरदेव म्हणाले, "मी परवा सांगतो." ते दोन दिवस मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

तर आमच्या स्वयंपाकघराच्या मागून, वीस पावलांवर, उंच खांबांवरून नवा पाइप गेला. शेवटचा जोड सोमवारी सकाळी झाला, आणि मंगळवारी मोठे साहेब गॅस सोडायला येणार होते. मॅनेजर म्हणाला, सही करा. हे म्हणाले, बुधवारी. मॅनेजर म्हणाला, नोकरी जाईल. तर हे डबा घेऊन त्या जोडावर जाऊन बसले.

ओढून काढायला चार जण आले, पण नियमावलीत माणूस ओढायचं कलम नव्हतं. मग मॅनेजरने नकाशाच दुरुस्त केला. जोडावर लिहिलं, 'तात्पुरता आधार, नग एक.' कारकून वजन विचारायला आला, तर यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, कपडे वजा करून. मुख्य कार्यालयाने तासाभरात नकाशा मंजूर केला, वर शेरा मारला की आधाराला गंजरोधक रंग द्यावा.

शेवटी मॅनेजर माझ्याकडे आला. "वहिनी, आता तुम्हीच उतरवा त्यांना." मी तावातावाने गेले. नोकरी, घर, चारचौघांत झालेली शोभा, सगळं ओठांवर आलं होतं. नीट ऐकू जावं म्हणून शिडीने वर चढले, आणि तिथून आमची खिडकी दिसली. ओट्यावर झाकून ठेवलेलं दुधाचं पातेलंसुद्धा दिसलं. इतकं जवळ. मला धडकीच भरली. मी यांच्या शेजारी बसले. खाली कारकुनाने 'एक'चे 'दोन' केले आणि मला वजन विचारलं. मी त्याला जे सुनावलं ते नकाशात मावणारं नव्हतं.

मोठे साहेब आले. त्यांनी नकाशा पाहिला, दोन्ही आधार मोजले, समाधान व्यक्त केलं. पण तात्पुरता आधार लावलेला असताना गॅस सोडता येत नाही, हा नियम त्यांच्याच सहीचा निघाला. चहा पिऊन ते परत गेले.

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हे जोडावरून उठले आणि त्याच्यावर तपासणीचं यंत्र फिरवलं. पडद्यावर रेघ उठली. आतल्या अंगाला तडा होता, बोटाच्या पेराएवढा. मॅनेजर जोडाकडे बघत नव्हता, आमच्या खिडकीकडे बघत होता. मग त्याने स्वतःच जोड कापायला सांगितला.

घरी येताना मी विचारलंच, इतक्या वर्षांनी. "तेव्हा दोन दिवस माझ्यात कसला तडा शोधत होतात?"

"तुझ्यात कशाला?" हे म्हणाले. "तू ठणठणीत होतीस. मी टिकेन का, ते बघत होतो."

मला रडू आलं, आणि रागही आला, की हे एवढंसं सांगायला तीस वर्षं लागली. दुपारी नवा जोड झाला. म्हणजे पुन्हा अठ्ठेचाळीस तास. मी दोघांचा डबा भरायला घेतला.