चेकवरची माहेरची सही

गिरणीच्या कर्जाच्या चेकवर मी एकदा माहेरच्या नावानं सही केली. चुकून नव्हे, चांगली समजून-उमजून. नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासून शहाणी. तेव्हाच्या मला कुणी शेळ्या राखायलासुद्धा ठेवलं नसतं.

उमापुरात आम्ही पिठाची गिरणी टाकली होती. कर्ज माझ्या नावावर. हप्त्याचा चेक द्यायचा त्याच आठवड्यात मी माहेरी आष्टीला आईचा दहावा करून परतले. लग्नात यांनी तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून जुन्या नावानं हाक मारणारी एकटी आईच उरली होती. भाऊ अक्का म्हणायचे. सासरी ते नाव कुणी घेतच नव्हतं. चेक समोर आला तेव्हा वाटलं, निदान एका कागदावर तरी ते असू दे. खात्यात पैसे आहेत, मग सही कुठल्या का नावाची असेना!

सही जुळेना, म्हणून चेक परत आला. बँकेच्या वकिलाची नोटीस आली. पैसे असताना भ्यायचं कशाला, म्हणून ही हुशार बाई गप्प बसली. घरातही बोलली नाही. मग गेवराईच्या कोर्टाचं समन्स आलं, ते थेट यांच्याच हातात.

"आता कोर्टात उभी ऱ्हातीस व्हय गं?" सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. यांनी समन्सची घडी घालून खिशात ठेवली. मला शिक्षेपेक्षा सगळ्यांसमोर कारण सांगायचंच भ्या वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं गेवराईला बँकेत गेलो. साहेबांनी चेकची झेरॉक्स पुढं सरकवली.

"ताई, ही सही कुणाची?"

"माजीच."

"आणि आमच्याकडं नमुन्याची आहे ती?"

"ती बी माजीच."

"म्हणजे बाया दोन आहेत का?"

"बाई एकच हाय साहेब. घरं दोन हायेत."

साहेबांना हसू आलं. शेजारचे वकील काही हसले नाहीत. तेवढ्यात यांनी हात जोडले. "साहेब, तिची माय गेली तवा. त्याच्यापायी झालं असंल. कोर्टाचं हितंच मिटवा."

मी तर यांना काहीच सांगितलं नव्हतं.

थकलेले हप्ते आणि वकिलाचा खर्च भरायचा, बँक तक्रार मागं घेणार, असं ठरलं. नव्या चेकवर मी सासरच्या नावाची सही केली, पहिलीतल्या पोरीसारखी दबकत दबकत.

हे वारले, त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही दुपारी घर रिकामं झालं, की माझे कान दाराकडं लागतात.

त्या दिवशी गेवराईच्या स्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातलेली. आमची गाडी लागली तरी हे उठेनात. मग म्हणाले, "मला सांगायचं न्हाई व्हय गं? घरात कुणी नसताना मी मारली असती की त्या नावानं हाक."