आधी घाम, मग पुस्तक

सेतुराव गेल्याचं मला माझ्या लेकीने, ऋचाने कळवलं. श्रीपेरुंबुदूरला निघालेल्या कंपनीच्या बसमधूनच तिने फोन केला. "आई, राव गेले गं," एवढंच बोलली आणि मग नुसती हुंदके देत राहिली... त्याला आता तीन आठवडे होतील.

सेतुराव तंजावरकडचे. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मध्येच तमिळ हेल काढणारी. आमची नागपूरहून आलेली. चेन्नईजवळच्या आमच्या तांबरममध्ये बिल्डर वीतभर जागेवर टपून बसलेले असताना या एकट्या माणसाने घरामागची अख्खी मोकळी जागा पोरांना देऊन टाकली. एका बाजूला पुस्तकांची खोली, समोर बॉल बॅडमिंटनचं, म्हणजे फुलाऐवजी लोकरीच्या चेंडूने खेळायच्या बॅडमिंटनचं कोर्ट. खेळून अंगाला घाम आल्याशिवाय कुणी खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. मग परीक्षा असो नाहीतर आणखी काही. मला तो शुद्ध विक्षिप्तपणा वाटायचा.

बारावीच्या सहामाहीत ऋचा दोन विषयांत नापास झाली. मी तिची बॅट कपाटात कोंबली, तिला घेऊन तडक त्यांच्याकडे गेले आणि हिला फक्त अभ्यासाला बसू द्या म्हणाले. ते हसत कोर्टाकडे बोट दाखवत राहिले. माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला स्वतःची मुलं असती तर कळलं असतं," असं मी सगळ्यांसमोर बोलून गेले... आजही आठवलं की स्वतःची चीड येते. ते शांतपणे म्हणाले, "ताई, पोरगी भ्यालीय. भ्यालेल्या पोरीच्या डोक्यात काय शिरणार?" आणि सत्तरीतला तो माणूस कमरेची वेष्टी खोचून तिच्यासमोर खेळायला उभा राहिला. कित्येक महिन्यांनी ऋचा खळखळून हसली. पास झाली, पुढे इंजिनियरही झाली. माफी मागायला मी मात्र धजले नाही. रस्त्यात भेटले की तेच आपणहून चौकशी करायचे आणि मला आणखीच मेल्यासारखं व्हायचं. आता तर मागायची सोयच उरली नाही.

परवा संध्याकाळी त्यांच्या बहिणीला भेटायला गेले. तिने पुस्तकांची खोली सताड उघडून ठेवली होती, पण पोरं दप्तरं घेऊन बाहेर पायऱ्यांवरच बसलेली. आज खेळ नको, आत जाऊन वाचा, असं सांगून ती थकली; एकही हलेना. खेळायचं कुणाच्या मनात नव्हतं, आणि न खेळता आत जायला कुणी तयार नव्हतं.

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्यातल्या एका मुलीला म्हटलं, "चल, टाक चेंडू." पहिले चार चेंडू मला दिसलेसुद्धा नाहीत. पोरं हसायला लागली, एकेक करून उठली... चांगले घामाघूम झालो, तेव्हाच आम्ही सगळे आत गेलो.