यार्मिला मावशीचं तिसरं पीस

यार्मिला मावशीचा धंदा केस कापायचा. गावातल्या बायका तिच्या खुर्चीत बसायच्या त्या केसांसाठी कमी आणि बातम्यांसाठी जास्त. कात्री एक वेळ थांबेल, पण जीभ थांबायची नाही. उन्हाळा आला की मात्र दुकानाला कुलूप ठोकून ही बाई साझावा नदीकाठच्या रानात, मुलांच्या छावणीवर हजर. चूल कशी पेटवायची, कुठल्या झऱ्याचं पाणी प्यायचं, फांद्यांचा आडोसा कसा बांधायचा, सगळं तीच शिकवणार. शिकवणार म्हणजे काय, बोलणार. पोराच्या हातात काडी गेली रे गेली की, "अरे, वारा कुठून येतोय ते बघ की. आण इकडे," आणि चूल पेटवून मोकळी.

छावणीत तीन पिसं मिळवायची जुनी रीत आहे. एक दिवस उपाशी काढला की एक, रानात एकटं राहिलं की दुसरं, आणि एका सकाळच्या शिट्टीपासून दुसऱ्या सकाळच्या शिट्टीपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही की तिसरं. तिन्ही पिसं ज्याच्याकडे, त्यानंच शेवटच्या संध्याकाळी शपथेची शेकोटी पेटवायची. मावशीची दोन पिसं लहानपणीच झाली होती. तिसऱ्यानं तिला जन्मभर छळलं. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, पुढच्या उन्हाळ्याचा काही भरवसा नव्हता. एकदा तरी ती शेकोटी आपल्या हातानं पेटवावी, एवढीच तिची हौस.

"गप्प? आणि तू?" छावणीप्रमुख वोयतेख म्हणाला. त्याला नाक पुसायला हिनंच शिकवलं होतं. "मावशी, त्यापेक्षा नदी उलटी वाहील."

"वाहू दे. तू पट्टी आण."

ती लाकडी पट्टी गळ्यात अडकवायची. शब्द निसटला की तिच्यावर खाच. दोन खाचा माफ, तिसरीला खेळ खलास.

पहिली खाच नाश्त्यालाच पडली, लापशीचं पातेलं हाताला चटकलं तेव्हा. दुसरी दुपारी. एक म्हातारा अळंबीची टोपली घेऊन रानातून चालला होता. आता टोपलीवाला दिसला आणि "उगवताहेत का?" असं विचारलं नाही, असा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. मावशीनं विचारलं. कुठे सापडली तेही विचारणार होती, पण मुलांनी धावत जाऊन तिचं तोंड दाबलं. म्हाताऱ्यानं जागा सांगितली नसतीच म्हणा.

मग मावशीनं दातांत रुमाल धरला तो धरलाच.

पहाटे पावसानं सगळं रान ओलंचिंब केलं. चुलीची पाळी आपोलेनाची होती. पोरगी चुणचुणीत, पण तिच्या हातून आजवर एकदाही चूल पेटली नव्हती. पेटणार कशी? दर वेळी काडेपेटी मावशीनं हिसकावलेली. आणि ओलं असो की सुकं, काड्या मिळायच्या तीनच.

पहिली काडी ओल्या पाल्यावर विझली. मावशीचा जीव तीळतीळ तुटला. खुणा करायलाही बंदी, म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती ओंडक्यावर बसून राहिली. दुसरी काडी वाऱ्यानं घालवली. आपोलेनानं मावशीकडे पाहिलं. आता ही उठेल आणि पेटी घेईल. मावशी उठली नाही.

शेवटी पोरगीच उठली. एका दाट स्प्रूसच्या झाडाखाली शिरली आणि खोडाजवळच्या वाळक्या काटक्या मोडून आणल्या. तिथवर पाऊस पोचत नाही. भूर्जाची साल सोलून तिनं मध्ये ठेवली, वाऱ्याकडे पाठ केली आणि शेवटची काडी ओढली. धूर आला, खूप आला, मग जाळ धरला. मावशीच्या दातांतला रुमाल सुटला.

"शाब्बास गं पोरी," मावशी म्हणाली.

वोयतेखची सकाळची शिट्टी ओठांपर्यंत पोचायचीच राहिली होती. पण नियम तो नियम. त्यानं मान खाली घालून चाकू काढला आणि तिसरी खाच पाडली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. पीस गेलं, शेकोटी गेली.

"मावशी, तू बोललीस," आपोलेना म्हणाली.

"माहितीये."

"पण असं तू मला कधीच म्हणाली नव्हतीस. कुणालाच नाही."

मावशीनं आठवून पाहिलं. इतके उन्हाळे नुसत्या बोलण्यात गेले, पण त्यात हा एक शब्द काही सापडेना. तिला मनापासून लाज वाटली.

आपोलेनानं चुलीत एक काटकी सरकवली. "खाच तर पडलीच आहे," ती म्हणाली, "मग परत एकदा म्हण ना."

मावशीनं नाक पुसलं आणि परत म्हटलं. मग वोयतेखनं शिट्टी वाजवली.